पुढच्या काचेजवळचं संथ पाणी

"ओक्का, पंप बघायला येतेस का?" हाब्बो फोनवर म्हणाला. "मला एकट्याला जमत नाहीये."

हाब्बो माझ्या थोरल्या बहिणीचा, गेशेचा नवरा. नदीच्या मुखातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर त्यानं उभं आयुष्य काढलं होतं. पाणी कुठून निघालं तर कुठं जाऊन थांबेल, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. बैठकीच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची मोठी टाकी त्यानं त्यांची मुलगी इम्के शाळेत जायच्याही आधी उभी केली होती. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे पाण्यातले क्षार आणि चुना माझ्याकडे, पंप आणि प्रवाह त्याच्याकडे, अशी आमची जुनी वाटणी होती. तो पंपासाठी मला बोलावत होता, म्हणजे अडचण नुसती पंपाची नसणार.

मी पोचले तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं. आत जिन्याच्या पायऱ्यांवर घरातल्या वस्तू मांडलेल्या होत्या. सगळ्यात खाली पाव, त्याच्या वर बुटांचे जोड, मग बटाट्यांची जाळी, मग भिंतीवरचं घड्याळ. आणि वर, शेवटच्या पायरीवर, गेशे बसली होती. मांडीवर इस्त्री.

"मोईन, गेशे," मी नमस्कारादाखल म्हटलं.

"तू अजून खालीच?" ती म्हणाली. "वर ये आधी. पाय भिजतील."

हाब्बो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "इस्त्री गार आहे," तो हळूच म्हणाला. "तेवढं बघून घेतलंय मी."

गेशेचं विसरणं सुरू होऊन काही वर्षं झाली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग दुकानाचा रस्ता, मग आपलं वय. हात मात्र शाबूत होते. कपात इकडच्या रीतीप्रमाणे आधी खडीसाखर, तिच्यावर चहा, मग कडेकडेनं साय, आणि ढवळायचं नाही, हे ती झोपेतही चुकली नसती. दिवसाचा बराचसा वेळ ती टाकीसमोरच्या खुर्चीत बसून काढायची. मऊ प्रवाळांची बोटं डुलायची, नारिंगी मासे त्यांच्यात शिरायचे आणि बाहेर यायचे, आणि ती बघत राहायची. तेवढ्या वेळात हाब्बो आंघोळ करी, बाजारात जाऊन येई, कधी नुसताच अंगणात उभा राही. ती खुर्ची होती म्हणून तो तिला घरी ठेवू शकत होता.

हिवाळ्यात टाकीतला एक जुना पंप जळला. हाब्बोनं दोन्ही बदलून नवीन बसवले. नव्यांचा वेग आपोआप कमीजास्त होतो. थोडा वेळ शांत, मग अचानक उसळी, मग उलटी ओढ, खऱ्या समुद्रात असते तशी. प्रवाळांना हे मानवतं. प्रवाळाला पाय नसतात. त्याला लागेल ते पाण्यानं आणून द्यायचं आणि नको असेल ते पाण्यानंच घेऊन जायचं. नवे पंप लागल्यावर हाब्बोच्या शिंगाळ्या, म्हणजे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळांची टोकं महिनाभरात निळी झाली.

"आणि हिला काय वाटतं माहीत आहे?" तो म्हणाला. "पाणी बांधावर चढतंय. उसळी आली की उठते आणि सामान वर न्यायला लागते."

गेशे सात वर्षांची असताना फेब्रुवारीतल्या एका रात्री वादळी भरती किनाऱ्यावरचा बांध ओलांडून आमच्या गावात शिरली होती. मी तेव्हा तान्ही होते. घरात पाणी आलं होतं आणि सामान वर वाहावं लागलं होतं, इतकंच मला ठाऊक. आईबाबा त्याबद्दल फार बोलत नसत आणि गेशे तर कधीच नाही.

"मग मंद करून ठेव ना पंप."

"केले. शिंगाळ्यांच्या बुडाशी घाण साचायला लागली. पार बंद करून बघितले, तर मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले." त्यानं बटाट्यांची जाळी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. "मागच्या आठवड्यात पडली ती. खालच्याच पायऱ्यांवरून, कोपर सोलवटलं फक्त. पण इम्केनं बघितलं ना. म्हणाली, बाबा, आई आणखी एकदा जिन्यावरून पडली तर मी तुमचं काही ऐकणार नाही. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय तिनं."

"इम्के चुकीचं बोलत नाहीये."

"चुकीचं बोलली असती तर भांडलो असतो की तिच्याशी."

आम्ही कामाला लागलो. गेशेला तिची समजूत घालून खाली आणलं आणि स्वयंपाकघरात चमचे पुसायला बसवलं. हाब्बोनं बाह्या वर सारल्या, मी एका लांब काडीच्या टोकाला लाल लोकरीचा धागा बांधला. धागा पाण्यात धरला की प्रवाह कुठं जातो ते डोळ्यांना दिसतं. काच, खडक, वाळू, खडकामागची पोकळी, सगळीकडे धागा फिरवला आणि कागदावर बाण काढत गेले. दोन्ही पंप पुढच्या कोपऱ्यांत होते आणि त्यांची धार पुढच्या काचेवरून सरकत मधोमध आपटत होती. नेमकी गेशेच्या नजरेसमोर.

"हे सगळं मागे न्यायचं," मी म्हटलं. "दोन्ही पंप खडकाच्या मागे, एकमेकांच्या समोरासमोर. काय उसळायचं ते तिथं उसळू दे. धारा एकमेकींवर फुटतील, वरून वळतील आणि पुढे येईपर्यंत त्यांचा जोर गेलेला असेल."

हाब्बोनं वाकून खडकामागे बघितलं. "म्हणजे पाहुणे बैठकीत बसलेत आणि नवराबायको मागच्या खोलीत भांडतायत."

"आवाज बाहेर आला नाही म्हणजे झालं."

"तुला काय ठाऊक? लग्न तर केलं नाहीस."

"म्हणून तर माझी मागची खोली शांत आहे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा, घशातून आवाज जरा अडकत. पंपाचा अर्धा भाग काचेच्या आत असतो आणि चुंबकाचा अर्धा बाहेर. दोघांनी मिळून सरकवावा लागतो, नाहीतर आतला सुटून वाळूत पडतो. मी बाहेरून, तो आतून, काखेपर्यंत हात पाण्यात घालून. "डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे." "तुझी डावी आणि माझी डावी एकच आहे, आपण एकाच बाजूला उभे आहोत." "मग तूच सरकत नाहीयेस." असं करत दोन्ही पंप मागे गेले. डावा थोडा उंच ठेवला, उजवा खाली, म्हणजे धारा सरळ टकरायच्या नाहीत, एकमेकींना घासून गोल फिरतील.

मग धागा पुन्हा फिरवला. खडकामागे तो सैरावैरा उडत होता. पुढच्या काचेजवळ मात्र सावकाश एका बाजूला कलत होता, थांबत होता, परत येत होता.

"आण तिला," मी म्हटलं.

गेशे आली, खुर्चीत बसली. तिच्या हातात अजून एक चमचा होता. मागे पंपानं उसळी घेतली ते आम्हाला त्याच्या घुमण्यावरून कळलं. पुढच्या मऊ प्रवाळानं फक्त बोटं जराशी पसरली आणि मिटली. गेशे बघत राहिली. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

"ओहोटी लागली," ती म्हणाली.

चमचा तिनं खिशात टाकला. थोड्या वेळानं उठून चहा केला, आम्हा तिघांना दिला, आणि आपला कप घेऊन पुन्हा खुर्चीत बसली.

पुढचे काही आठवडे जिना रिकामा राहिला. हाब्बो फोनवर मला रोज तेवढंच सांगायचा, "जिना रिकामा." मी विचारत नसे, तो सांगत असे. इम्के एका रविवारी हानोफर शहराहून येऊन गेली. आईशेजारी स्टुलावर बसून तिनंही मासे बघितले. वृद्धाश्रमाचं नाव काढलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस मी पाण्याचे नमुने घ्यायला गेले, तेव्हा डाव्या बाजूच्या सपाट खडकावरचं शिंगाळं प्रवाळ बुडापासून पांढरं पडायला लागलं होतं. ते हाब्बोनं मत्स्यालय मंडळातल्या त्यार्ककडून अंगठ्याएवढा तुकडा आणून वाढवलेलं होतं. आता ते दोन्ही हातांच्या कवेत मावलं नसतं. त्याचं बूड खडकावर असं पसरलं होतं की खडक कुठं संपतो आणि प्रवाळ कुठं सुरू होतं ते सांगता आलं नसतं.

मी सगळ्या चाचण्या केल्या. मग अविश्वासानं पुन्हा एकदा केल्या.

"पाण्यात काही कमी नाही," मी म्हटलं. "पाणी तिथं पोचत नाहीये."

"मला दिसतंय," हाब्बो म्हणाला.

"किती दिवस दिसतंय?"

"दिसतंय म्हटलं ना."

आम्ही वाटेल ते करून बघितलं. गेशे दुपारी झोपली की वेग वाढवायचा आणि उठायच्या आत कमी करायचा, हे काही दिवस चाललं. पण तिच्या झोपेला आता वेळ उरली नव्हती. एकदा ती मधेच उठून आली आणि संध्याकाळी हाब्बोला पायऱ्यांवर पुन्हा बूट सापडले. एक छोटा पंप फक्त त्या खडकावर रोखून लावला, तर त्याची धार काचेला लागून थेट खुर्चीसमोर आली. मी घरी जाऊन कागदावर टाकी काढायची, बाण खोडायची, पुन्हा काढायची. कुठल्याही मांडणीत एक गोष्ट बदलत नव्हती. शिंगाळ्याला जगायला जेवढं पाणी हलायला हवं होतं, तेवढं हलणारं पाणी गेशेला दिसणारच होतं.

मी ते हाब्बोला सांगितलं तेव्हा तो अंगणात कपडे वाळत घालत होता.

"मधला काही वेग?" त्यानं विचारलं.

"मधल्या वेगाला प्रवाळ सावकाश मरेल आणि गेशे सावकाश घाबरेल."

त्यानं गेशेचा झगा दोरीवर नीट ओढून घेतला, चिमटा लावला. "प्रवाळ त्यार्ककडे राहू शकतं," तो म्हणाला. "गेशे कुणाकडे राहील?"

त्यार्क शनिवारी आला, झाकणाच्या बादल्या, छिन्नी आणि हातोडी घेऊन. धिप्पाड माणूस, पावाच्या भट्टीवर जन्म गेला, बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी तो जास्तच बोलत होता.

"बायकोला शपथ घालून सांगितलंय मी, आता टाकीत एकही नवीन काडी येणार नाही. आणि बघ, अख्खं जंगल घेऊन चाललोय. मला आजची रात्र कोठारात झोपावं लागणार. एखादी गादी आहे का रे ज्यादा?"

"तुझ्याखाली टिकेल अशी नाही," हाब्बो म्हणाला.

"बघा, दान घ्यायला आलो तर अपमानही फुकट मिळतोय."

मग बोलणं बंद झालं. हाब्बोनं स्वतःच छिन्नी घेतली. त्यार्क "मी करतो ना" म्हणाला, पण हाब्बोनं ऐकलं नाही. पाण्याखाली हातोडीचा जोर लागत नाही, त्यामुळे तो छिन्नी बुडाशी घुसवून हातानंच रेटत होता. पाटीवरची पेन्सिल मोडावी तसा आवाज आला. एकदा, आणि मग पुष्कळ वेळा. पांढरं पडलेलं बूड खडकालाच राहिलं. वरच्या निळ्या फांद्या एक एक करून मी बादलीत ठेवत गेले, टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशा. उजवीकडची दोन लहान शिंगाळीही निघाली, आणि पंख्यासारखं पसरलेलं जांभळंही.

गेशे दारात येऊन उभी राहिली होती. आम्हाला कळलंच नाही. तिनं बादल्यांकडे बघितलं, त्यार्ककडे बघितलं.

"तुम्ही हे वर नेताय ना?" तिनं विचारलं.

त्यार्क गेशेला तिच्या लग्नापासून ओळखत होता. तो क्षणभर गोंधळला, मग बादली उचलून म्हणाला, "हो, गेशे. वरच. अगदी वरती."

"सावकाश जा," ती म्हणाली. "पायऱ्या ओल्या आहेत."

त्यार्क बादली घेऊन गाडीकडे गेला तो बराच वेळ आत आला नाही. शेवटी मीच उरलेल्या बादल्या बाहेर नेल्या. तो गाडीच्या मागच्या दाराशी पाठ करून उभा होता. मी बादल्या ठेवल्या आणि परत फिरले.

त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही पंप सर्वांत कमी वेगावर आणले. मासे जगतील, मऊ प्रवाळ जगेल, एवढंच पाणी हलत होतं. उरलेले खडक उघडे दिसत होते. पुढच्या खेपेला इम्के आली तेव्हा म्हणाली, "बाबा, टाकी किती रिकामी झाली!"

"प्रशस्त झाली," हाब्बो म्हणाला.

तो उन्हाळा मात्र चांगला गेला. हे मी नंतर बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. हाब्बोनं खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आणली, आणि पुष्कळदा मी गेले की दोघं तिथंच बसलेले सापडायचे. मऊ प्रवाळ वाढून रिकाम्या जागेवर यायला लागलं होतं. त्याची तपकिरी बोटं एका बाजूला कलायची, थबकायची, परत यायची. गेशेचा श्वासही त्याच लयीत चालायचा असं मला एकदोनदा वाटलं. कधीकधी ती गुणगुणायची. एकदा तिनं हाब्बोचा हात आपल्या मांडीवर घेतला, त्याची बोटं उलगडून बघितली आणि म्हणाली, "तुमच्या हातांना समुद्राचा वास येतो."

"बायको म्हणते तसं माझी," हाब्बो म्हणाला.

"बरी आहे का ती?"

"आता बरी आहे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि आधीच धुतलेले कप पुन्हा धुतले.

ऑक्टोबरात एका दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. हाब्बोचा आवाज मी ओळखला नाही. अगदी सपाट होता.

"ओक्का, ती जिन्यावर आहे."

"वेग कुणी वाढवला?"

"कुणी नाही. पंप बंद आहेत." तो थांबला. "दोन्ही बंद आहेत. साफ करायला काढलेत, माझ्यासमोर बादलीत पडलेत, व्हिनेगरमध्ये. टाकीतलं पाणी काचेसारखं आहे, ओक्का. काही हलत नाहीये. आणि ती बटाटे वर नेतेय."

मी निघाले. वाटेत मी कारणं शोधत होते. बाहेर वारा होता का? नव्हता. शेजारच्या शेतात कुणी यंत्र चालवत होतं का? मला एखादं कारण हवं होतं, कारण म्हणजे काहीतरी हलवता येतं, वळवता येतं, खडकामागे नेता येतं. बांधाखालच्या रस्त्यानं गाडी नेताना डावीकडे मेंढ्या चरत होत्या, आणि हवा इतकी पडलेली होती की पवनचक्क्यांची पाती जागच्या जागी उभी होती.

गेशे जिन्याच्या मधोमध होती. एका हातानं तिनं कठडा धरला होता, दुसऱ्या हातानं झगा गुडघ्यांच्या वर उचलून धरला होता. पायरी चढताना पाय जड पाण्यातून ओढावा तसा ओढत होती. हाब्बो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता, तिच्याकडे तोंड करून, पडली तर झेलायला.

"अहो, तिथं काय बसलाय?" ती त्याच्यावर ओरडली. "उठा! कमरेपर्यंत आलंय तुमच्या!"

तो उठून दोन पायऱ्या वर सरकला. मी त्याच्या बाजूनं वर गेले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं माझा दंड पकडला. पकड घट्ट होती आणि हात बर्फासारखा गार.

"बाळाला वर नेलं का?" तिनं विचारलं.

मला आधी वाटलं इम्केबद्दल विचारतेय. मग कळलं.

"नेलं," मी म्हटलं.

"कुणी? आई तर कोंबड्यांकडे गेलीय."

"तूच नेलंस, गेशे."

"मी?" ती विचार करत राहिली. "जड होतं गं. शालीतून घसरत होतं. मला वाटलं पडलं हातातून."

"नाही पडलं."

"भिजलं का?"

"नाही. कोरडं आहे. झोपलंय."

तिची पकड जरा सैल झाली. पण ती खाली यायला तयार नव्हती, आणि का यावं? खाली पाणी होतं. मग आम्ही तिघं वरच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, वर गेशे, मधे मी, खाली हाब्बो, अंधार पडायला लागेपर्यंत. गेशे अधूनमधून वाकून पाणी किती चढलं ते बघायची आणि आम्हाला सांगायची. उघड्या दारातून बैठकीतली टाकी दिसत होती. पंप लावायला हवे होते, मासे वर येऊन हवा घेत होते. मी हाब्बोला खुणेनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि जागचा हलला नाही. शेवटी मी उठून खाली गेले, पंप धुऊन लावले, सर्वांत कमी वेगावर. वरून गेशे माझ्या नावानं हाका मारत होती. माझ्या नावानं, पण मला नाही. लहान बाळाला मारतात तशा.

त्या दिवशी ती पडली नाही. नंतरही नाही. हाब्बोनं जिन्याच्या तोंडाशी फळी ठोकली, ती तिनं ओलांडली. त्यानं जिन्याजवळ अंथरूण घातलं आणि तिथं झोपायला लागला. तिला आता दिवसातून केव्हाही पाणी दिसायचं, टाकीकडे पाठ असली तरी, डोळे मिटलेले असले तरी. खुर्चीत ती बसेना. आम्ही बसवलं तर टाकीच्या वरून पलीकडच्या भिंतीकडे बघायची. इम्केनं या वेळी काहीच म्हटलं नाही. हाब्बोनंच तिला फोन केला आणि विचारलं, ती जागा अजून आहे का.

वृद्धाश्रम चांगला होता. नीटनेटका, बैठा, सगळं एकाच मजल्यावर. मी पहिल्यांदा भेटून आले तेव्हा हाब्बो टाकीची काच पुसत होता.

"तिथं पडायची भीती नाही," मी म्हटलं. "जिनाच नाही."

"माहीत आहे." तो काच पुसत राहिला. "ती भिंतीवरून हात फिरवत शोधते तो. सगळ्या दारांमागे बघते. काल मला म्हणाली, अहो, इथं वर जायचं कुठून?"

"मग तू काय सांगितलंस?"

"पलंगावर बसवलं तिला. त्याला कळ आहे, वर होतो तो. होईल तेवढा वर केला." त्यानं फडकं पिळलं. "बसली थोडा वेळ."

नोव्हेंबरात मी नमुने घ्यायला गेले तेव्हा पुढच्या वाळूवर लाल साय धरली होती. पाणी फार मंद असलं की धरते. कोपऱ्याकोपऱ्यांत गाळ बसला होता. मऊ प्रवाळही मिटून बसलं होतं, त्याच्या बोटांवर मळ साचून. त्यार्कनं दोनदा फोन केला होता. त्याच्याकडच्या शिंगाळ्यांना नव्या फांद्या फुटल्या होत्या आणि हाब्बोला हव्या तेवढ्या तो तोडून देणार होता.

"वेग वाढवायला पाहिजे," मी म्हटलं. "आता काही अडचण नाही." आणि म्हटल्याबरोबर ते शब्द परत घ्यावेसे वाटले.

हाब्बो खुर्चीच्या मागे उभा होता. "हं," तो म्हणाला. "आता कोण घाबरणार आहे? वाढव."

मी नियंत्रकाची चकती फिरवली, एकदम नाही, थोडी थोडी. पंप घुमायला लागले. खडकामागून पाणी उसळलं, काचेवरून पुढे आलं. वाळूवरची लाल साय कडेनं सुटली आणि चिंध्या होऊन वर आली. मऊ प्रवाळाची बोटं एका बाजूला झोपली, मग दुसऱ्या. गाळ उठून पाणी गढूळ झालं. मला माहीत होतं, ते गाळणीत जाऊन थोड्या वेळात निवळेल. अजून चकतीचा अर्धा फेरा बाकी होता.

हाब्बोनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"पुरे," तो म्हणाला.

मी हात काढला. हा वेग शिंगाळ्या प्रवाळाला पुरला नसता आणि गेशेला सोसला नसता. हे त्यालाही ठाऊक होतं. मी बाह्या खाली केल्या, नमुन्यांच्या बाटल्या पिशवीत भरल्या. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा चकती तिथंच होती.